रासायनिक भाजण्यावरील त्वचारोपण

ॲसिड, कॉस्टिक सोडा, चुना अशा दाहक रसायनांनी त्वचा खोलवर जळाल्यास मेलेला भाग काढून तेथे रुग्णाचीच निरोगी त्वचा बसवण्याची शस्त्रक्रिया.

रसायन धुऊन निघेपर्यंत जाळतच राहते. ॲसिडने प्रथिने गोठून कडक खपली धरते आणि ती पुढच्या ॲसिडला थोडाफार अडवते. अल्कली (कॉस्टिक सोडा, चुना) मात्र ऊतके विरघळवत आत उतरतो, म्हणून तो अधिक घातक. कोरडा चुना आधी झटकावा, मग निदान अर्धा तास वाहत्या पाण्याने धुवावे. अल्कलीसाठी त्याहून बराच वेळ. ॲसिडवर खाण्याचा सोडा ओतू नये, त्या अभिक्रियेच्या उष्णतेने जखम वाढते.

पहिल्या दिवशी वरवरची वाटलेली जखम दोन-तीन दिवसांत खोल निघू शकते. सुमारे तीन आठवड्यांत ती आपोआप भरणार नाही असे दिसल्यास रोपण करतात. हम्बी सुरीने (त्वचेचे पातळ थर कापण्याची सुरी) मृत थर पातळ पातळ सोलत जातात. बारीक ठिपक्यांनी ताजे रक्त येऊ लागले की थांबतात. इथे घाई नडते : मृत ऊतक मागे राहिले तर ग्राफ्ट, म्हणजे बसवलेली त्वचा, धरत नाही.

मांडीवरून साधारण 0.2 ते 0.4 मिमी जाडीची त्वचा डरमॅटोमने (त्वचेचा पातळ काप घेणारे उपकरण) घेतात. मोठ्या जखमेसाठी तिला छेद देऊन जाळीसारखी पसरवतात. चेहऱ्यावर मात्र अखंडच लावतात, कारण जाळीची नक्षी कायम दिसते. खालच्या पापणीला कानामागची पूर्ण जाडीची त्वचा उत्तम. पातळ ग्राफ्ट जास्त आकसतो, पापणी खाली ओढली जाते आणि बुबुळ कोरडे पडते.

सुरुवातीचे दोन दिवस ग्राफ्ट तळातून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो, मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात. खाली रक्त साकळले, ग्राफ्ट सरकला किंवा जंतुसंसर्ग झाला तर हे जोडणे तुटते. त्यासाठी टाके वा स्टेपल, घट्ट ड्रेसिंग आणि सांधा हलू नये म्हणून त्याला स्प्लिंट (आधारपट्टी). ड्रेसिंग सहसा पाचव्या दिवशी उघडतात. त्वचा घेतलेली मांडीची जखम दोन आठवड्यांच्या आसपास भरते.

स्वतःची त्वचा अपुरी पडल्यास मृत दात्याची त्वचा तात्पुरते आवरण म्हणून वापरतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात 2000 पासून त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा घेतात. रक्तगट जुळावा लागत नाही. काही आठवड्यांत शरीर ती नाकारते, तोवर रुग्णाची त्वचा पुन्हा घेण्याजोगी होते.

ग्राफ्ट धरला तरी काम उरतेच. मानेवरचा व्रण आकसून हनुवटी छातीकडे ओढली जाऊ शकते, म्हणून कॉलर, व्यायाम आणि दिवसाचे 23 तास दाबवस्त्र (व्रण दाबून ठेवणारे घट्ट कापड), व्रण मऊ पडेपर्यंत, अनेकदा वर्षभर.