रेल्वे सिग्नल व्यवस्था

गाड्यांमध्ये सुरक्षित अंतर राखण्याची आणि कोणती गाडी कोणत्या रुळावरून, कधी जाईल हे ठरवण्याची पद्धत. मोटार चालवणाऱ्याला अडथळा दिसला की ब्रेक दाबता येतो, बाजूला वळता येते. रेल्वेचालकाला वळणे शक्य नाही, आणि पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड कमी असल्याने भरधाव गाडी थांबायला किलोमीटरभरही लागतो. म्हणून नजरेपलीकडचे त्याला आधीच कळावे लागते.

दुहेरी मार्गावर प्रत्येक दिशेला वेगळा रूळ असतो. भारतात ब्रिटिश प्रथेप्रमाणे गाड्या डावीकडून धावतात. ही बाजू रस्त्याशी जुळेलच असे नाही. फ्रान्समध्ये मोटारी उजवीकडून, आगगाड्या बहुतेक ठिकाणी डावीकडून. जो अल्सासचा भाग १८७१ नंतर जर्मनीकडे होता, तिथे मात्र आजही उजवीकडून. स्वीडनने १९६७ साली रस्त्यांची बाजू बदलली, रेल्वेची नाही.

एकामागून एक जाणाऱ्या गाड्यांसाठी आरंभी घड्याळ वापरत: एक गाडी सुटली की ठरावीक मिनिटांनी दुसरी. पहिली वाटेत बंद पडली तर हा हिशेब कोसळतो. त्यावरचा उपाय म्हणजे मार्गाचे तुकडे, अर्थात ‘ब्लॉक’, पाडून एका ब्लॉकमध्ये एकच गाडी सोडणे. आयर्लंडमधील आर्मा येथे १८८९ साली सुमारे ऐंशी माणसे दगावल्यावर ब्रिटिश संसदेने ही पद्धत कायद्याने सक्तीची केली.

एकेरी मार्गावर प्रश्न अधिक अवघड, कारण गाडी समोरूनही येऊ शकते. तिथे भारतात अनेक दशके नीलचे टोकन यंत्र चालले. शेजारच्या दोन स्टेशनांतली यंत्रे तारेने जोडलेली. पलीकडच्या स्टेशन मास्तरने संमती दिल्याशिवाय पोलादी गोळा, म्हणजे पुढे जाण्याची परवानगी असलेले टोकन, बाहेर येत नाही, आणि एक बाहेर असताना दुसरा निघत नाही. हा गोळा चामडी पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कडीला अडकवत. न थांबणाऱ्या गाडीतून ती कडी हात घालून झेलायची आणि मागच्या स्टेशनाची त्याच वेळी टाकायची, हे कसबाचे काम होते. परवानगी इथे तोंडी नव्हती, हातात धरता येत होती. या यंत्राची सगळी हुशारी त्यात आहे.

खांबावरच्या हाताच्या सिग्नलचा, म्हणजे सेमाफोरचा, हात आडवा असला की थांबा. भारतात पूर्वी सर्रास दिसणारा जुना हात खाली झुकला की वाट मोकळी. ‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडी येणार, ही बोली त्यातूनच आली. हात ओढणारी तार तुटली तर वजनामुळे हात आपोआप आडवा व्हावा, अशी रचना असे. बिघाड झाला तर धोक्याचीच खूण दिसावी, हे तत्त्व पुढच्या सर्व यंत्रणांत टिकले.

ट्रॅक सर्किट हे त्याचे उत्तम उदाहरण. रुळांतून क्षीण वीजप्रवाह सोडतात. गाडीची चाके तो मधेच जोडून टाकतात, रिले (त्या प्रवाहावर चालणारा विद्युतचुंबकी खटका) गळतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. रूळ तुटला तरी लालच. मुंबईत पावसाचे पाणी रुळांत साचले की यंत्रणेला तिथे गाडी उभी असल्यासारखे वाटते. प्रवासी ज्याला ‘सिग्नल बिघाड’ म्हणून वैतागतो, ती खरे तर सावध राहण्याची सवय. लाल स्वयंचलित सिग्नलपाशी मोटरमन दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटे थांबतो, मग रांगत पुढे जातो.

भारतातले पहिले स्वयंचलित रंगीत दिवे १९२८ मध्ये मुंबईत, व्हीटी ते भायखळ्यादरम्यान लागले. लाल, पिवळा, दोन पिवळे आणि हिरवा या चार संकेतांवर आता गाड्या तीन-तीन मिनिटांनी धावू शकतात. चालकाने लाल ओलांडला तर स्वतः ब्रेक लावणारी ‘कवच’ प्रणाली २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारली गेली.

सिग्नल आणि सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी) परस्परांशी विसंगत होऊ नयेत म्हणून ‘इंटरलॉकिंग’ असते. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे झालेल्या अपघातात तेच फसले. चौकशीत आधीच्या कामातली वायरिंगची चूक उघड झाली: कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा सिग्नल हिरवा होता, सांधा मात्र मालगाडी उभी असलेल्या लूप लाइनकडे, म्हणजे बाजूच्या रुळाकडे, वळलेला होता.