एकच 'डी', टांकसाळी दोन

अमेरिकेचं पाच डॉलरचं जुनं सोन्याचं नाणं, मागे गरुडाच्या खाली इवलासा 'डी', म्हणजे नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं ते सांगणारं अक्षर. नवा संग्राहक लगेच म्हणतो, डेन्व्हरचं आहे. थांबा, आधी साल वाचा. १८३८ ते १८६१ मधला 'डी' जॉर्जियातल्या डलॉनेगा गावचा. डेन्व्हरची नाणी १९०६ पासूनची. मधली चव्वेचाळीस वर्षं हे अक्षर कुठल्याच नाण्यावर नाही.

घोळ होतो, कारण टांकसाळीचा कोरक गॉब्रेख्ट याने घडवलेली मुकुटधारी लिबर्टी (स्वातंत्र्यदेवी) पाच डॉलरवर १८३९ पासून १९०८ पर्यंत जवळपास तशीच राहिली. वजनही तेच, ८.३६ ग्रॅम, त्यामुळे तराजू उपयोगाचा नाही. साल झिजलं असेल तर गरुडाच्या डोक्याच्या वरच्या जागेत पाहा. 'इन गॉड वुई ट्रस्ट' लिहिलेली फीत १८६६ मध्ये आली. फीत असेल तर डेन्व्हर, नसेल तर डलॉनेगा. दहा किंवा वीस डॉलरवर 'डी' असेल तर ते डेन्व्हरचंच, डलॉनेगात ती नाणी पाडलीच नाहीत. सोन्याच्या एक आणि तीन डॉलरवरचा 'डी' मात्र डलॉनेगाचा.

डेन्व्हरने १९०७ या एका वर्षात पाच डॉलरची ८ लाख ८८ हजार नाणी पाडली. डलॉनेगाची सगळ्या वर्षांची, सगळ्या किमतींची मिळून सुमारे १४ लाख. तीन डॉलरचं नाणं तिथे फक्त १८५४ मध्ये निघालं, १,१२० नगांचं. ठसा अनेकदा अर्धवट उठलेला, आणि तिथल्या सोन्यात चांदी असल्यामुळे रंगात हिरवट झाक. मला तीच झाक सर्वांत प्रिय आहे.

पण ते सोनं चेरोकी लोकांच्या जमिनीतलं होतं. गावाचं नावही त्यांच्याच 'पिवळा' या शब्दावरून आलेलं. आणि टांकसाळ सुरू झाली त्याच १८३८ साली त्यांना सैन्य लावून तिथून हाकलण्यात आलं. हे नाणं तळहातावर घेताना मला हे विसरता येत नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी डलॉनेगाची टांकसाळ ताब्यात घेऊन त्याच साच्यांतून एक डॉलरची थोडी नाणी पाडली. किती, याची नोंदच झाली नाही.

अशा दुर्मिळतेमुळे फसवणूकही होते. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतल्या त्या काळच्या सोन्याच्या नाण्यांवर अक्षर नसतं, म्हणून त्यावर कुणी 'डी' चिकटवतं. विकत घेण्याआधी अक्षराच्या बुडाशी सांधा आहे का, ते भिंगाखाली नाणं तिरकं धरून पाहा.