दुधाचा रिकामा कॅन आणि चमचाभर पाणी

मार्च-एप्रिलात बेळगावकडच्या खानापूर-निपाणी भागातल्या कुठल्याही पत्र्याच्या घरात दिवस मावळला की छप्पर ताडताड वाजायला लागतं. 'वर कोणीतरी चालतंय' असं सांगून पोरांना गप्प बसवायची पद्धत काही घरांत अजून आहे, आणि त्यापायी दाराला काळी बाहुली टांगणारे मोठेही आहेत. वर कोणी चालत नसतं. 16 फुटी पोलादी पत्रा 30 अंशांनी थंड झाला की सुमारे पावणेदोन मिलिमीटर आखडतो. हुक आणि वायसर त्याला धरून ठेवतात, ताण साचत जातो, आणि घर्षण कमी पडलं की पत्रा एका झटक्यात सरकतो. ऐकू येतो तो हा झटका.

या झटक्यात ऊर्जा असते. ती धरता येते का, हा प्रश्न खरा आहे. पण सध्या मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये डबा, नळी आणि चाक दाखवून 'हवेतून फुकट वीज, अख्खं घर चालवा' असं सांगतात. त्यात ऊर्जा किती, हा आकडा कोणीच सांगत नाही, आणि सगळी मेख त्या आकड्यातच आहे.

आधी पत्रा. धातूचा जोर प्रचंड, पण सरकणं मिलिमीटरभर. एवढ्या अंतरावर कुठलीही दातेरी यंत्रणा नीट चालत नाही. सगळी हालचाल सांध्यांच्या ढिलाईतच संपते. म्हणून धातू सोडून हवेकडे वळायचं.

हवेचा दाबही रोज चढतो-उतरतो, आणि तोही वेळापत्रकाने: सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, दुपारी आणि पहाटे चारच्या सुमारास कमी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे, त्यामुळे इथला दाब 925 हेक्टोपास्कलच्या आसपास असतो आणि रोजचा चढउतार जेमतेम 3 हेक्टोपास्कलचा, म्हणजे 0.3 किलोपास्कलचा. तापमान मात्र सावलीतही सहज 10 अंशांनी बदलतं. या दोघांची तुलना करायला डेअरीला दूध घालायचा 40 लिटरचा ॲल्युमिनियमचा कॅन घेऊ. तेलाचा चौकोनी डबा चालत नाही. त्याच्या सपाट भिंतीच फुगतात-दबतात आणि मिळणारी हालचाल खाऊन टाकतात. कॅन गोल असल्यामुळे दाबाला ताठ राहतो.

कॅनचं झाकण घट्ट बसवून त्यातून एक नळी काढली आणि ती 20 सेंटिमीटर व्यासाच्या रबरी पडद्याला जोडली, असं समजा. 20 अंशांची कोरडी हवा 30 अंशांवर गेली तर कोंडलेल्या स्थितीत तिचा दाब 3.1 किलोपास्कलने वाढतो. मोकळी सोडली तर ती जवळपास 1.4 लिटर जास्त जागा व्यापते. दोन्हींचा मध्य साधला की सर्वांत जास्त काम मिळतं: पडद्यावर पाच किलोचं वजन, आणि ते सुमारे दोन सेंटिमीटर वर उचललं जातं. म्हणजे एक ज्यूल. निव्वळ वातावरणाच्या दाबातल्या फरकातून याच कॅनमधून याचा एक शतांश मिळतो. काम बदलाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून हा फरक इतका मोठा पडतो.

आता त्याच कॅनमध्ये चमचाभर पाणी टाका. कोंडलेल्या स्थितीत 20 ते 30 अंशांमधली दाबवाढ 3.1 वरून 5 किलोपास्कलवर जाते आणि काम एका ज्यूलवरून पावणेतीन ज्यूलवर. यात कसलीही जादू नाही, पण हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे.

बंद भांड्यात द्रव आणि त्याची वाफ एकत्र असली की वाफेचा दाब फक्त तापमानावर ठरतो. द्रव किती उरला आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. घरातल्या गॅस सिलिंडरचं हेच आहे. आत थोडा जरी द्रव असेल तोवर दाब तोच राहतो, म्हणून ज्योत पाहून किती गॅस उरला ते कळत नाही, सिलिंडर उचलूनच पाहावा लागतो. तापमान वाढलं की द्रवातले जास्त रेणू सुटून वाफेत जातात, आणि हा बाष्पदाब सरळ रेषेत न वाढता चढत्या वेगाने वाढतो. पाण्याचा 20 अंशांवर 2.3 किलोपास्कल, 30 वर 4.2, 40 वर 7.4.

दुसरा फायदा याहून मोठा. कोरडी हवा पडदा उचलते तेव्हा स्वतः पसरते आणि पसरताना तिचा दाब पडतो. अर्धी हालचाल झाली की तिचा जोर ओसरतो. वाफेचं तसं नाही. जागा वाढली की दाब किंचित उतरू पाहतो, तेवढ्यात द्रवातून आणखी वाफ होते आणि तूट भरून निघते. बाहेरची उष्णता येत राहिली तर वाफेचा जोर पूर्ण हालचालभर टिकतो. म्हणून खोलीच्या तापमानाला सहज उकळणारा द्रव निवडला की काम अनेक पटींनी वाढतं. इथाइल क्लोराइड 12 अंशांना उकळतं. 20 अंशांच्या आसपास त्याचा दाब दर अंशाला साडेचार किलोपास्कलने वाढतो, कोरड्या हवेच्या जवळपास पंधरा पट. 'ॲटमॉस' या स्विस घड्याळाच्या भात्यात हेच भरलेलं असतं, आणि एका अंशाच्या फरकावर ते दोन दिवस चालतं. पण इथाइल क्लोराइड ज्वालाग्राही आहे आणि त्याच्या वाफेने भूल चढते. घरच्या प्रयोगाला पाणीच बरं.

हे काम फसतं ते बहुतेक वेळा गळतीत. दिवसाची चढउतार बारा-बारा तासांची असते. तेवढ्या वेळात हवा हळूच आत-बाहेर होत राहिली तर पडदा हलतच नाही, आणि बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं. रबर ब्यूटाइलचं हवं, ट्रकची जुनी ट्यूब उत्तम. नैसर्गिक रबरातून हवा बरीच जास्त झिरपते. सिलिकॉनची नळी हाताला छान लागते, पण तिच्यातून हवा आणि ओल दोन्ही जातात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये दाबाच्या हवेसाठी वापरतात ती पीयू (पॉलियुरेथेन) नळी आणि पितळी निपल घ्यावा. नळी कॅनच्या माथ्यावरून काढून आधी वर चढवावी, म्हणजे थंडावल्यावर जमणारं पाणी पुन्हा कॅनमध्ये उतरेल; खाली लोंबणाऱ्या नळीत ते अडकून वाट बंद करतं.

गळती तपासायला कॅनला जोडलेल्या यू आकाराच्या नळीत रंगीत पाणी भरायचं आणि फुंकून 20 सेंटिमीटरचा फरक करायचा. कॅन उघड्यावर ठेवून ही चाचणी केली तर निष्कर्ष हमखास चुकतो, कारण तापमान एका अंशाने सरकलं तरी पाणी तीन सेंटिमीटरहून जास्त हलतं. कॅन हौदात गळ्यापर्यंत बुडवावा, तासभर स्थिर होऊ द्यावा आणि मग सहा तासांनी पाहावं. दोन सेंटिमीटरहून जास्त उतरलं असेल तर झाकणाची रबरी रिंग बदलावी.

पाणी घातलेला कॅन पत्र्यावर उन्हात ठेवू नये. 60 अंशांना कोंडलेला दाब 30 किलोपास्कलच्या आसपास वाढतो, आणि एवढ्या पडद्यावर तो सुमारे शंभर किलोचा जोर होतो. पडदा फाटतो. सावलीतली भिंत पुरे, आणि पडद्याच्या वर लोखंडी पट्टीची आडकाठी हवीच.

वरखाली हालचालीतून एकाच दिशेचं फिरणं काढायला सायकलचं फ्रीव्हील सुचतं, पण त्याचे आतले खटके ठरावीक टप्प्यांवरच अडकतात. ढगाळ दिवशी हालचाल टप्प्याहून कमी झाली की त्या दिवशीचं काम शून्य. झेरॉक्स मशीनच्या कागद ओढणाऱ्या रोलरमध्ये एकाच दिशेला फिरणारं बेअरिंग असतं. ते कुठल्याही बिंदूवर पकडतं. ते वापरावं.

मग वीज किती? चढती-उतरती दोन्ही धरून आणि कुठेही काही वाया न जाता, दिवसाला साडेपाच ज्यूल. 5000 मिलिअँपिअर-तासांची मोबाईलची बॅटरी भरायला जवळपास 69 हजार ज्यूल लागतात, म्हणजे तीस वर्षांहून जास्त. गोकाकचा धबधबा 52 मीटरचा आहे. तिथे खाली पडणारं एक लिटर पाणी एका उडीत 510 ज्यूल देतं. वर्षाला एक पेन्सिल सेल खाणारं साधं भिंतीवरचं घड्याळसुद्धा या कॅनवर चालणार नाही. ॲटमॉस चालतं, कारण त्याचा लंबक मिनिटाला दोनच हेलकावे घेतो आणि घड्याळाची भूक वॉटच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी आहे. आर्थर बेव्हर्ली यांनी 1864 साली केलेलं घड्याळ न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठात आहे. 28 लिटर हवेच्या पेटीवर, एकदाही किल्ली न देता ते चालत आलं आहे, आणि खोलीचं तापमान पुरेसं बदललं नाही तर तेही थांबतं. बेळगावच्या जुलै-ऑगस्टच्या झडीत दिवस-रात्रीचा फरक पाचेक अंशांवर येतो, म्हणजे काम चौथाईवर.

विजेचा नाद सोडून सरळ हालचालच वापरली तर मात्र ही ऊर्जा सोन्यासारखी आहे. गाडीच्या इंजिनातला थर्मोस्टॅट मेणावर चालतो. वितळताना मेण दहा ते पंधरा टक्के फुगतं आणि दांडा ढकलतं. तशाच मेणाच्या नळकांड्याने पॉलिहाउसची खिडकी विजेशिवाय उघडते. ते सात किलोच्या आसपासची झडप उचलतं आणि थंडावलं की स्प्रिंग ती बंद करते. नळकांडं उन्हात बसवू नये, नाहीतर ते आतल्या हवेऐवजी उन्हाचं तापमान मोजतं. दांड्याला वर्षातून दोनदा ग्रीस द्यावं, आणि दांड्याभोवती मेणाचा चिकट ओघळ दिसला की सील गेलं म्हणून नवं घालावं. मेण थंड व्हायला पंधरा-वीस मिनिटं घेतं आणि वळवाचं वारं तेवढं थांबत नाही. झडपेला साखळी बांधून तिचं उघडणं आधीच मर्यादित करून ठेवावं, म्हणजे पहिल्याच वावटळीत बिजागरं उखडणार नाहीत.