प्रौढ साक्षरता आणि पस्तिशीची रेघ

दिवसभर राबणाऱ्या माणसाला शिकवायचे तर शाळेनेच त्याची वेळ सांभाळायला हवी, हे फुले दांपत्याने ओळखले होते. शेतकरी-कामगारांसाठी त्यांनी १८५५ मध्ये रात्रशाळा काढली. वेळेचा प्रश्न असा लवकर सुटला. पद्धतीचा मात्र रेंगाळला. साताऱ्यात १९५९ मध्ये सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने १४ ते ५० वयाच्या गावकऱ्यांना वर्गात आणले आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला आणि वयाची रेघ आखडली: १५ ते ३५. कमावत्या वयावर पैसा खर्चावा, हा हिशेब. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानानेही तीच रेघ ठेवली, पण शिकवण्यात खरा बदल केला. अभ्यासक्रम साधारण २०० तासांचा, तीन वाचनपुस्तिकांचा. धडा, सराव आणि चाचणी एकाच पुस्तिकेत. सुगीमुळे किंवा बाळंतपणामुळे खाडा पडला, तरी राहिले तिथून पुढे चालता येई. मुळाक्षरे घोकण्याऐवजी रोजच्या बोलण्यातल्या शब्दापासून सुरुवात होई, त्यामुळे मोठ्या माणसाला बालवाडीत बसल्यासारखे वाटत नसे. या क्षेत्रातली सर्वांत शहाणी सुधारणा मी हीच मानतो.

पस्तिशीपुढच्यांचे काय? २००९ च्या साक्षर भारत योजनेने १५ वर्षांपुढील सर्वांना सामावून घेतले. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली, तीही साठी ओलांडलेल्यांसाठी. गुलाबी नऊवारीचा गणवेश, पाठीला दप्तर, हातात पाटी. वर्ग दुपारचा, म्हणजे घरची कामे उरकल्यावर. या वयात नोकरीचे आमिष चालत नाही. पोथी आपली आपण वाचता यावी, अंगठ्याऐवजी सही करावी, एवढे पुरते. नजर अधू आणि हात थरथरता, म्हणून अक्षर मोठे आणि घाई नाही.

सध्याच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमातही (२०२२-२७) वयाला वरची मर्यादा नाही. शेवटची चाचणी १५० गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची. विशीतला मजूर आणि ऐंशीची आजी, दोघांनाही तीच.