तोड्याची बंदूक (कोकण किनारा)

सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या दोरीच्या (तोड्याच्या) निखाऱ्याने रंजक (बार पेटवणारी बारीक दारू) पेटवून उडवायची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) बंदूक. कोकणातील गडांवर व गलबतांवर ती साधारणपणे सोळाव्या शतकापासून वापरात होती. चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने उडणारी) बंदूक आल्यावर शिबंदीच्या (गडावरच्या फौजेच्या) हातची जुनी बंदूक बदलावी की ठेवावी, हा प्रश्न अठराव्या शतकात पुढे आला.

उगमाविषयी एकमत नाही. 1510 मध्ये गोवा जिंकल्यावर पोर्तुगिजांनी ती किनाऱ्यावर रुजवली, असे एक मत आहे. चौल-दाभोळच्या व्यापारातून पश्चिम आशियाई बनावटीच्या बंदुका त्याआधीच आल्या असाव्यात, असे दुसरे. गोव्यात आदिलशाहीचा शस्त्रकारखाना पोर्तुगिजांपूर्वी चालू होता आणि तिथल्या कारागिरांचे काम बोहेमियातील कारागिरांच्या तोडीचे असल्याचे गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आपल्या राजाला कळवले होते. त्यामुळे गोव्याची बंदूक ही दोन परंपरांच्या मिलाफातून घडली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. तिच्या कळीची (बार उडवणाऱ्या यंत्रणेची) रचनाही याला पोषक आहे. देशावरच्या बंदुकीत चाप ओढू तसा तोडा सावकाश खाली येतो. गोव्याच्या बंदुकीत तो ताणलेल्या, बहुधा पितळी, कमानीने (स्प्रिंगने) झटक्यात रंजकावर आदळतो. 1543 च्या सुमारास पोर्तुगिजांबरोबर जपानला पोहोचलेली बंदूक याच घराण्यातली मानली जाते.

चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादी पत्र्यावर आपटून ठिणगी पडते. जळती दोरी नसल्याने शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहू शकतात, रात्री निखारा शत्रूला दिसत नाही, दारूने भरलेल्या गलबतावर धोका कमी होतो. पत्र्याचे झाकण रंजकावर असल्याने पावसाळी हवेत तिचा भरवसा अधिक. मात्र मुसळधार पावसात दोन्ही निकामी. उलट तिच्या कमानीला योग्य पाणी देणे साध्या लोहाराच्या आवाक्याबाहेरचे, आणि गारगोटी काही डझन बारांनंतर बदलावी लागे. तोड्याची लांब नळीची बंदूक तटावरून दूरवर मारा करी आणि गावातच दुरुस्त होई. म्हणून गडांवर जुने हत्यार टिकले, यात मागासलेपणापेक्षा हिशेबच अधिक दिसतो. मैदानी कवायती पायदळाचे गणित निराळे होते. इब्राहिमखान गारदी आणि पुढे महादजी शिंद्यांच्या पलटणी यांनी चकमकीच्या बंदुकीचीच वाट धरली. आरमारातील शिपायांकडच्या बंदुकांबद्दल माहिती त्रोटक आहे. आंग्ऱ्यांच्या विजयदुर्गाचा 1756 मध्ये पाडाव झाला तो मुख्यतः इंग्रज जहाजांच्या तोफांनी. त्यावरून बंदुकांची तुलना करता येत नाही.

1818 नंतर कोकण ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. रत्नागिरीकडचे मराठे व महार मुंबईच्या पलटणींत चकमकीच्याच बंदुका वापरीत. 1840 नंतर त्यांची जागा हळूहळू टोपीच्या (स्फोटक टोपीवर घाव बसून उडणाऱ्या) बंदुकांनी घेतली. 1878 च्या हत्यार कायद्याने खाजगी बंदुकांना परवाना लागू झाला. ठासणीची बंदूक मात्र रानडुक्कर व वानरांपासून पीक राखण्यासाठी दक्षिण कोकणात अजूनही आढळते.