निस्पंदापाशी आवाज नसतो? आधी कशाचा निस्पंद ते सांगा

तारेवरचे स्थिर तरंग (पुढे न सरकता जागीच झुलणारे) बहुतेकांना नीट येतात: बांधलेल्या टोकांशी निस्पंद, म्हणजे जिथे हालचाल शून्य, मधे प्रस्पंद, म्हणजे जिथे ती सर्वाधिक, लगतच्या दोन निस्पंदांत अर्धी तरंगलांबी. तार आडवी हलते, हवा नळीच्या लांबीतच मागेपुढे होते, हेही पाठ असतं. त्यावर वेळ घालवायला नको.

घोळ होतो तो नळीत. तिथे एकाच वेळी दोन गोष्टी बदलत असतात: हवेचं विस्थापन, म्हणजे ती जागेवरून किती सरकते ते, आणि हवेचा दाब. पुस्तकातली आकृती सहसा फक्त विस्थापनाची असते आणि अनेकदा तसं तिच्याखाली लिहिलेलंही नसतं. मग ‘बंद टोकाशी निस्पंद, म्हणून तिथे आवाज शून्य’ हे वाक्य वहीतून वहीत उतरत राहतं. ते साफ चूक आहे. नळीच्या आत बंद टोकाशी आवाज सर्वांत मोठा असतो.

विस्थापनाच्या निस्पंदाकडे दोन्ही बाजूंची हवा एकाच क्षणी सरकते आणि मधली हवा दाबली जाते. अर्ध्या आवर्तनानंतर दोन्हीकडची हवा दूर जाते, दाब वातावरणापेक्षा खाली उतरतो. बंद टोकाशी एका बाजूला भिंत असते, पण परिणाम तोच. म्हणजे जिथली हवा जागची हलत नाही, नेमका तिथेच दाब सर्वाधिक वरखाली होतो. प्रस्पंदापाशी शेजारचे थर एकाच दिशेने, जवळजवळ सारखेच सरकतात. त्यांच्यातलं अंतर बदलत नाही, म्हणून दाबही बदलत नाही. कान आणि मोबाइलचा माइक दाब ओळखतात, विस्थापन नाही.

अनुनाद नळीत, म्हणजे खाली पाणी भरून हवेच्या स्तंभाची लांबी कमीजास्त करता येते अशा नळीत, हे पडताळता येतं. पाणी हे तिचं बंद टोक. 27 अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 347 मीटर, म्हणून 512 हर्ट्झची तरंगलांबी 67.8 सेंटीमीटर. नळीचा आतला व्यास 4 सेंटीमीटर असेल तर एंड करेक्शन (हवेचा स्तंभ उघड्या तोंडाबाहेर जितका वाढल्यासारखा वागतो ते अंतर) 0.3 गुणिले 4, म्हणजे 1.2 सेंटीमीटर. हवेच्या स्तंभाची लांबी 15.7 सेंटीमीटर असताना पहिला अनुनाद (आवाज एकदम वाढतो तो), 49.6 असताना दुसरा. नादकाट्याचा आवाज लवकर विरतो, म्हणून तोंडाशी स्पीकरवर सलग 512 हर्ट्झ वाजवा. दुसऱ्या अनुनादावर बारीक माइक दोऱ्याने आत सोडा. पाण्यालगत आवाज भरपूर, पाण्यापासून 17 सेंटीमीटर उंचीवर पडलेला, 34 सेंटीमीटर उंचीवर पुन्हा भरपूर. तोंडाशी तो खूप उतरतो, पण नाहीसा होत नाही, कारण दाबाचा निस्पंद तोंडाच्या 1.2 सेंटीमीटर बाहेर असतो. त्या करेक्शनचा अर्थ इथे दिसतो. नुसतं सूत्रात घालून तो कळत नाही.

घरच्या स्टुडिओत याच घोळापायी पैसे वाया जातात. घुमणारा बास (खालचे सूर) थांबवायला लोक भिंतीला 5 सेंटीमीटरचा फोम चिकटवतात. फोम ऊर्जा शोषतो ती त्याच्या छिद्रांतून हवा ये-जा करते तेव्हा, आणि भिंतीलगत हवा हलतच नाही; ती सर्वाधिक हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. 2000 हर्ट्झला पाव तरंगलांबी 4.3 सेंटीमीटर, म्हणून तिथे फोम चालतो. 100 हर्ट्झला ती सुमारे 87 सेंटीमीटर. तोच फोम भिंतीपासून थोडा पुढे आणला तर आणखी खालचे सूर धरतो. खोल बाससाठी मात्र फोमचा नाद सोडावा आणि मागे बंद पोकळी ठेवून पातळ प्लायवुडचा पडदा बसवावा. तो दाबाने हलतो, आणि भिंतीशी दाबच सर्वाधिक असतो.