सॅक्रोसँक्ट: शपथेतून जन्मलेला शब्द

‘तारीख काही सॅक्रोसँक्ट नाही, पुढेमागे करता येईल,’ असं ऑफिसात सहज बोललं जातं. मराठीत यासाठी ‘काळ्या दगडावरची रेघ’ आहेच. पण या शब्दाचं मूळ तारखा-नियमांत नाही. ते आहे माणसाच्या अंगावर हात टाकण्यात.

प्राचीन रोममध्ये कर्ज फिटलं नाही की सावकार ऋणकोला बांधून नेई. परंपरा सांगते की इ.स.पू. ४९४ मध्ये सामान्य लोक, म्हणजे प्लेब, शहर सोडून आनियो नदीपलीकडच्या टेकडीवर जाऊन बसले. शिपाई त्यांच्यातूनच येत, त्यामुळे उमरावांना नमावं लागलं. प्लेबना स्वतःचे प्रतिनिधी मिळाले, ते ट्रिब्यून. त्यांच्या हाती फौज नव्हती. त्यांचं रक्षण करणार कोण? लोकांनी आण घेतली: ट्रिब्यूनला जो इजा करील तो ‘साकेर’, देवाच्या हवाली केलेला. त्याला कोणी मारलं तरी तो खून ठरणार नाही. लॅटिनमध्ये ‘साक्रो’ म्हणजे धर्मविधीने आणि ‘सांक्टुस’ म्हणजे पक्कं केलेलं. ‘साक्रोसांक्टुस’ हा शब्द असा जुळला. इ.स.पू. ४४९ मध्ये या संरक्षणाला कायद्याचं बळ मिळालं.

म्हणून नुसतं ‘पवित्र’ हे भाषांतर मला अपुरं वाटतं. पवित्र गोष्ट विटाळते. इथे मात्र हात लावणाराच आयुष्याला मुकतो. आपल्याकडे दूताला ‘अवध्य’ मानत, ती कल्पना याच्या अधिक जवळची आहे. आणि हे अभय आभाळातून पडलेलं नव्हतं, गांजलेल्या माणसांनी एकमेकांच्या साक्षीने उभं केलेलं होतं. मला या शब्दाचं मोल वाटतं ते त्यासाठी.

हे अभय मोडलंही. इ.स.पू. १३३ मध्ये, जमीनवाटपाचा कायदा करणाऱ्या टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनला सिनेटर आणि त्यांच्या माणसांनी भर सभेत बडवून ठार मारलं. पुढे इ.स.पू. ३६ मध्ये ऑक्टेव्हियनने, म्हणजे नंतरच्या सम्राट ऑगस्टसने, ट्रिब्यून नसतानाही हेच कवच मिळवलं आणि वर्षभरात पत्नी लिव्हिया व बहीण ऑक्टेव्हिया यांनाही मिळवून दिलं. दुबळ्यांची ढाल अशी बलवानांच्या घरात गेली.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रुळला. आज तो बहुधा नकारातच भेटतो: अमुक अनुदान सॅक्रोसँक्ट नाही, तमुक प्रथा नाही. मराठीत लिहिताना ‘अनुल्लंघनीय’ चालतो. व्यक्तीबद्दल बोलायचं असेल, तर मी ‘अवध्य’च निवडेन.